कॉटवरून उतरताना

बाई, माझे सासरे आपल्या वॉर्डात आहेत. तुम्ही इथं इन्चार्ज सिस्टर होतात तेव्हा हा बायकांचा वॉर्ड होता, आता तो पुरुषांचा केलाय. फरशी बदलली, भिंतींचा रंग बदलला, कॉटला चाकं आली, बाजूला वर-खाली होणारे कठडे आले. पण टेबलावरून मान वर केली की जी कॉट पहिली दिसते, तिथं सगळ्यात अशक्त माणूस ठेवायची तुमची पद्धत मी मोडू दिली नाही. सध्या तिथं आमचे आबा झोपलेत. त्यांना न्यूमोनिया झाला होता. ताप उतरला, छातीही मोकळी व्हायला लागली, पण अंगातलं त्राणच गेलं. उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सिस्टर, हाडं पार झिजलीत, आता पडले तर खुबा मोडेल आणि या वयात पुन्हा चालतील याची खात्री नाही. हे मी स्वतः कितीतरी नातेवाइकांना सांगितलंय, तेही न अडखळता. आपल्या घरच्या माणसाबद्दल ऐकलं तेव्हा मात्र मला भिंतीला हात लावावा लागला. वालूरच्या शिवारात सगळा जन्म पायी हिंडलेला माणूस आहे हा. पहाटे वावरात, दुपारी वावरात, सांजच्याला पुन्हा एकदा बांधावरून चक्कर. त्यांचे पाय गेले तर माझ्या घरात त्यांचं काय उरेल, याचा विचारच मला करवत नाही.

आता अडचण ऐका. तुम्ही असतात तर आधी पदर तोंडाला लावून हसला असतात आणि मग कामाला लागला असतात. आबा मला काही मागत नाहीत. मागूच शकत नाहीत, मी सून ना. लग्न होऊन घरात आल्यापासून ते माझ्याशी थेट एक वाक्य बोललेले नाहीत. राग नाही, तेढ नाही, रीतच तशी. घरात शिरताना ते उंबऱ्याबाहेर खाकरायचे, म्हणजे मी पदर सावरून आत सरकायची. काही हवं असलं तर सासूबाईंना सांगायचे, त्या मला सांगायच्या. सासूबाई गेल्या तेव्हा मला वाटलं आता तरी बोलतील, तर ते भिंतीशी बोलायला लागले. भिंतीकडं बघून म्हणायचे, ‘च्या झाला असंल तर बरं हुईल,’ आणि मी भिंतीच्या वतीनं चहा नेऊन ठेवायची. माझ्या लग्नात पाहुण्यांनी कुरकुर केली होती की सून रात्रपाळी करणार म्हणजे काय. तेव्हा याच माणसानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सासूबाईंना सुनावलं होतं, ‘तिची नोकरी हाय ती. तिला भाकरी थापायला आणली न्हाई आपुन.’ माझ्याबद्दल ते इतकं चांगलं बोललेत. माझ्याशी मात्र नाही.

त्यांना इथं आणलं तेव्हापासून मला सारखी तुमची आठवण येतेय, आणि त्यातही ती बाळंतीण. मी तेव्हा नवी होते, कोर्स करून नुकतीच तुमच्या हाताखाली आले होते. त्या पोरीचं सिझेरियन झालेलं. तिला आम्ही सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की एकटी उठायचं नाही. ती मान हलवायची, मोठी गुणी पोर. भेटायच्या वेळेला तिचे सासरे दारात दिसले आणि ती उठली. पदर डोक्यावर घेत, एक हात कॉटच्या लोखंडाला धरून सरळ उभी राहायला गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली गेली. टाके उसवले, पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर न्यावं लागलं. बाळ तेवढं शेजारच्या बाईच्या मांडीवर होतं म्हणून बरं. तिला परत कॉटवर आणल्यावर मी तिला रागवायला लागले, कितींदा सांगितलं होतं तुला म्हणून. तुम्ही मला खांद्याला धरून बाजूला घेतलंत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, ‘रागवायलीस कशाला तिला? तिला उठताना कळलं बी नसंल. आगं, फरशीनं कमी पडतेत माणसं, लाजंनं जास्त.’

मला वाटलं तुम्ही आता त्या सासऱ्यांना झाडणार. तुम्ही तर बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलात. ते बिचारे टोपी हातात घेऊन भेदरलेले, आपल्यामुळं काहीतरी झालंय एवढं कळलेलं, पण काय ते न कळलेलं. तुम्ही बैलांची चौकशी केलीत, कापसावरच्या किडीची चौकशी केलीत. मी दारात उभी राहून मनात म्हणतेय, बाईंना आत्ता किडीचं काय सुचतंय. मग त्याच सुरात तुम्ही म्हणालात, ‘मामा, तुमची सून तुमचा लय मान ठेवती. तुमी दिसले की ती उठणार, उठली की टाके तुटणार. आमी सांगून काय उपेग न्हाई. आता तिला वाचवायचं तुमच्याच हातात हाय.’ दुसऱ्या दिवशी भेटायची वेळ झाली, तसे ते आले आणि दाराबाहेरच थांबले. चौकटीकडं बघत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘उठू नको म्हणावं तिला.’ ती पोर कोपरावर अर्धी उठलीच होती. तशीच थांबली. मग हळूहळू पाठ टेकली आणि पदर तोंडावर ओढून घेतला, आणि पदराखाली तिचे खांदे हलत होते. मी तेव्हा इतकी लहान होते बाई, तरी मला कळलं की माझ्यासमोर काहीतरी फार मोठं घडलंय. त्या माणसाच्या घरात किती पिढ्यांच्या सुना उठून उभ्या राहिल्या असतील. आणि तुम्ही बाकावर बसून, बैलांच्या गप्पा मारत ते थांबवलंत.

त्यानंतर तुम्ही वॉर्डाची रीतच करून टाकलीत. भेटायच्या वेळेला तुम्ही दारात उभ्या, आणि येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्यानं आत पाय टाकण्याआधी म्हणायचं, उठू नका. पेडगावचे एक आजोबा तर इतके मन लावून म्हणायचे की आपली सून राहिली बाजूला, दोन्ही रांगांतल्या बायांना ‘उठू नका, उठू नका’ करत शेवटपर्यंत जायचे. एकदा सेलूचे एक व्यापारी गृहस्थ चुकून आपल्या वॉर्डात शिरले, त्यांच्याकडूनही तुम्ही ते वदवून घेतलंत आणि मग सांगितलंत की तुमचा पेशंट शेजारच्या वॉर्डात आहे. आम्ही पोरी हसून हसून बेजार झालो. पण त्या वेळी एकेक म्हातारा दारात टोपी नीट करून ते दोन शब्द उच्चारायचा ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. अजूनही येतो.

तुमच्या बाकीच्या खोडी आम्हाला उशिरा कळल्या. नवीन पेशंट आला की तुम्ही आधी त्याच्या चपला उलट्या करून तळ बघायचात, गुळगुळीत झाले असतील तर नातेवाइकाला दुसऱ्या आणायला पिटाळायचात. ऊसतोडीवरून आलेल्या बायांची गादी तुम्ही खाली अंथरायला लावायचात, कारण जन्मभर भुईवर झोपलेल्या बाईला झोपेतून उठताना कॉटची उंची ध्यानातच येत नाही. आणि कुणाला उठवायचं म्हटलं की आधी कॉटच्या काठावर बसवायचं, पाय खाली सोडायचे आणि गप्पा सुरू करायच्या. कुठलं गाव, पोरं काय करतात, औंदा विहिरीला पाणी किती. मला सुरुवातीला वाटायचं की बाईंना बोलायची फार हौस. चार कामं पडलीत आणि या विचारतायत म्हैस किती दूध देते. मग एकदा मी तुमचे डोळे बघितले. तुम्ही ऐकत होतातच, पण बघत होतात त्या बाईच्या ओठांचा रंग, कपाळावरचा घाम, उत्तर सरळ येतंय की शब्द जडावतायत. रक्त डोक्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तेवढा वेळ तुम्ही तिला बोलण्यात गुंतवून ठेवत होतात. आम्हाला कोर्सात हे शिकवलं होतं की पेशंटला एकदम उभं करू नये, आधी बसवावं, थांबावं. थांबताना त्या माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटू द्यावं, हे तुमच्याकडं बघून शिकले. आणि लघवीचं तर तुम्ही कधी कुणाला मागू दिलं नाहीत. ‘त्यांनी मागायची वाट बघायची न्हाई, आपुन जाऊन इचारायचं,’ म्हणत ठरल्या वेळेला प्रत्येक कॉटपाशी जायचात. आता याला मोठी नावं आहेत, ट्रेनिंग होतं, भिंतीवर तक्ते लागतात. मी ट्रेनिंगला बसते आणि मनात म्हणते, हे तर आमच्या बाई करायच्या.

तर आबांसाठी मी हे सगळं केलं. कॉट खाली घेतली, चाकांना ब्रेक लावले, चपला बदलल्या, धोतराऐवजी पायजमा घालायला नवऱ्याकरवी कसंबसं राजी केलं. वेळेवर विचारायला दुसऱ्या सिस्टरला पाठवलं, कारण मी गेले की ते घाईनं उठून बसायला बघायचे. सुनेसमोर असं पडून राहणं त्यांना सोसेना. विचार करा बाई, ज्या पेशंटला पडू द्यायचं नाही त्याला धोका माझाच. मग मी दारातून आधी खाकरायला लागले. पोरींना वाटलं मला खोकला झालाय, एकीनं गोळी आणून दिली. पण दुसऱ्या सिस्टरलाही ते काही मागेनात. लेकीच्या वयाची पोर, तिला काय सांगायचं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. नवरा रात्री मुक्कामाला असायचा, दिवसा त्याला वावरात जावं लागायचं, कापूस फुटून आलाय आणि वेचायला बाया मोठ्या मुश्किलीनं मिळाल्यात. वॉर्डबॉय सगळ्या मजल्यावर एक. मग आबांनी त्यांच्या परीनं तोड काढली. त्यांनी पाणी प्यायचंच बंद केलं. पाणी प्यायलं न्हाई म्हणजे उठावं लागणार न्हाई, उठावं लागलं न्हाई म्हणजे कुणाला सांगावं लागणार न्हाई. भरलेला तांब्या तसाच्या तसा बघितला तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाणी कमी पडलं की अंधारी आणखी येणार, हे मी नर्स म्हणून जाणत होते आणि सून म्हणून त्यांच्यासमोर तोंड उघडू शकत नव्हते. मला इतका राग आला, त्यांचा, माझा, त्या खाकरण्याचा. नवऱ्यानं रात्री समजावलं, तर त्याला म्हणाले, प्यायलो की. सकाळी बघितलं तर तांब्या कॉटशेजारच्या खिडकीतून ओतलेला, खालची माती ओली.

काल दुपारी मी टेबलाशी होते. वॉर्डबॉय एकाला घेऊन एक्स-रेला गेला होता. मान वर केली तर आबांच्या कॉटचा कठडा खाली. तो कसा पाडायचा हे त्यांनी पडल्या पडल्या बघून शिकून घेतलं होतं. जन्मभर तिफण आणि वखर जुळवणाऱ्या माणसाला त्या खटक्याचं काय कौतुक. त्यांचे पाय जमिनीवर होते आणि ते कॉटला धरून उठत होते, आणि त्यांचा दुसरा हात आधारासाठी चाकं असलेल्या लॉकरकडं चालला होता. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ते दचकले असते. मी हळूच त्यांच्या बाजूला गेले आणि एक हात कमरेला, एक दंडाखाली घातला. बाई, इतक्या वर्षांत मी त्यांच्या फक्त पायांना हात लावलाय, सणावाराला नमस्कार करताना. ते जागच्या जागी गोठले. खिडकीकडं बघून म्हणाले, ‘वॉर्डबॉयला बलवा म्हणावं.’ मी म्हणाले, ‘तो न्हाई आबा. मी हाय. आधी बसा.’

ते बसले. पाय खाली सोडले. ओठ पांढरे पडलेले. पुढं काय करायचं ते मला शंभरदा करून पाठ आहे, गप्पा मारायच्या. पण या माणसाला मी जन्मात एक प्रश्न विचारलेला नाही. शेवटी विचारलं, ‘आबा, औंदा वावरात काय काय पेरलंय?’ एकाच घरात राहतो आम्ही, माझ्याच चुलीवर त्या तुरीची डाळ शिजते, आणि मी त्यांना विचारतेय काय पेरलंय. मी त्यांच्या कपाळाकडं बघतेय. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, खिडकीकडंच बघत, पण हळूहळू आवाज मोठा होत गेला. ‘वरल्या तुकड्यात कापूस. हिरीकडल्या बाजूनं तूर. मधी सोयाबीन व्हतं, ते निघालं.’ थांबले. श्वास घेतला. ‘पांदीच्या कडंनं उलुशीक ज्वारी ठिवलीय. हुरड्यापुरती. घरात आवडतो म्हणून.’ घरात हुरडा आवडणारी मी एकटीच आहे, बाई. नवऱ्याला तो पचत नाही, पोरं शहरात. दरवर्षी ती ज्वारी त्या कडेला उगवायची आणि मी समजत होते, असंल काहीतरी, बी उरत असेल. मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा त्यांच्या ओठांना रंग आलेला होता.

मग मी त्यांना उभं केलं. आजवर किती माणसं उभी केली असतील मी, पण काल मला पहिल्यांदा दिसलं की हे केवढं आहे. एवढीशी ती पावलं, भेगाळलेली, आणि त्यांच्यावर आख्खा माणूस सरळ उभा राहतो. त्याला कुणी धरलेलं नसतं तरी तो तोल सांभाळत वावरं नांगरतो, विहिरी उतरतो, लेकरं खांद्यावर घेऊन जत्रेला जातो, आणि त्याला स्वतःला यात काही विशेष वाटत नाही. आबांनी आपला भार माझ्यावर टाकला. आधी थोडा, मग सगळा. ते फार हलके झालेत. तरी मला वाटलं, इतका मोठा विश्वास माझ्यावर कुणी कधी टाकला नव्हता, आणि मी तो पेलू शकतेय हे बघून माझे डोळे भरून आले. आम्ही सावकाश बाथरूमपर्यंत गेलो. त्यांना आतली दांडी धरायला दिली, दार लोटून मी पाठमोरी उभी राहिले. काम झाल्यावर आतून खाकरण्याचा आवाज आला. वॉर्डातल्या पोरी बघत होत्या, इन्चार्ज सिस्टर रडतायत की हसतायत.

परत कॉटवर बसवल्यावर मी कठडा वर केला आणि तांब्या भरून ठेवला. म्हणाले, ‘आबा, इथं मी सून न्हाई. इथं मी सिस्टर हाय. सगळे हाक मारतेत, तुमी बी मारा.’ त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. तोंड भिंतीकडं होतं. रात्रभर मी घरी तळमळत होते. तुम्ही त्या बाळंतिणीच्या सासऱ्यांना बाकावर बसून सांगितलं होतं, पण तुम्ही त्यांच्या सून नव्हतात. मला वाटत होतं की मी जरा जास्तच बोलले, आता ते लाजेपायी आणखी गप्प होतील आणि मी नसताना उठतील. हे पत्र मी त्या तळमळीतच लिहायला घेतलं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, ते कुठं धाडायचं याचा विचार मी केला नव्हता आणि आताही करणार नाही. पुढचं आज ड्यूटीवरून आल्यावर लिहितेय. लिहून झालं की माझ्याच कपाटात ठेवून देईन.

आज सकाळी तांब्या अर्धा रिकामा होता. मी खिडकीखाली जाऊन बघून आले, माती कोरडी. राउंड चालू होता, डॉक्टर पलीकडच्या टोकाला, मी त्यांच्याबरोबर, आणि आबांच्या शेजारच्या कॉटपाशी दोन सिस्टर इंजेक्शन देत उभ्या. तेवढ्यात हाक आली. त्या वॉर्डात दिवसभर हीच हाक येत असते, कुणी मान वळवत नाही. पण तो आवाज मी ओळखला, कारण त्यानं मला याआधी कधी बोलावलेलं नव्हतं. ‘सिस्टर.’ मी वळले. आबा कठड्याच्या आत नीट झोपलेले होते, एक हात वर केलेला, आणि भिंतीकडं नाही, खिडकीकडं नाही, माझ्याकडं बघत होते. ‘मला उठायचंय. जरा या.’

जवळ दोन सिस्टर होत्या, त्यांच्यापैकी कुणीही गेलं असतं तरी चाललं असतं. वॉर्डात पळायचं नाही असं तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी बजावायचात, पळणारी नर्स बघून धडधाकट पेशंटसुद्धा घाबरतो म्हणायचात, आणि मीही पोरींना तेच बजावत आलेय. आज त्या सगळ्या बघत होत्या, डॉक्टर बघत होते, आणि बाई, मी पळत गेले.